पहिलं षटक : श्रीरामपूरच्या झहीर खानची गोष्ट

शनिवारची सकाळची शाळा सुटली, की आमच्या शाळेच्या मैदानावर क्रिकेटचा डाव मांडला जातो. तुमच्याकडेही मांडला जात असेलच. मग काय होतं? "मी पहिला! मी पहिला!" असा गलका सुरू होतो. हा पहिला नंबर कशाचा? बॅटिंगचा! बॅट सगळ्यांनाच हवी असते. "बाई, पहिली ओव्हर मी टाकणार," असं म्हणत माझ्याकडे आलेला मुलगा मला क्वचितच भेटलाय.

मागच्या हिवाळ्यात चौथी विरुद्ध पाचवी असा सामना रंगला होता. शेवटच्या षटकात पाचवीला जिंकायला 9 धावा हव्या होत्या. चौथीतला एक काटकुळा मुलगा गोलंदाजीला आला. पहिले दोन चेंडू वाइड. पुढच्या दोन चेंडूंवर दोन चौकार. संपला सामना! चौथीची मुलं त्याच्याकडे वळली आणि एका सुरात म्हणाली, "तुझ्यामुळं हरलो!" सोमवारी तो शाळेत आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी आला, तो सगळ्यांत मागं भिंतीला टेकून बसला. मधल्या सुट्टीत मी त्याला जवळ बोलावलं आणि एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांला सांगणार आहे. ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यातल्या एका मुलाची आहे, आणि ती शंभर टक्के खरी आहे.

मराठी शाळेतला डावखुरा मुलगा

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा. त्यात प्रवरेच्या कालव्यांच्या पाण्यावर हिरवा झालेला भाग म्हणजे श्रीरामपूर. ऊस, साखर कारखाने, मोठी बाजारपेठ आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरचं रेल्वे स्टेशन अशी या गावाची ओळख. याच श्रीरामपुरात 7 ऑक्टोबर 1978 रोजी झहीर खानचा जन्म झाला. वडील छायाचित्रकार आणि आई शिक्षिका. झहीर शिकला तो हिंद सेवा मंडळाच्या न्यू मराठी प्राथमिक शाळेत आणि पुढे सोमैया विद्यालयात. म्हणजे तुम्ही म्हणता तेच पाढे, तुम्ही गिरवता तीच बाराखडी त्यानंही गिरवली, बरं का!

झहीर अभ्यासात चांगला होता. त्यानं अभियंता व्हायचं, असंच सगळं चाललं होतं. पण त्याच्या डाव्या हातात वेग होता. वयाच्या सतराव्या वर्षी वडील त्याला मुंबईला घेऊन गेले. पालकांनो, जरा विचार करा. हाताशी आलेलं शिक्षण बाजूला ठेवून मुलाला चेंडू टाकायला मुंबईत सोडणं सोपं होतं का? यश मिळेलच अशी खात्री तेव्हा कुणीही देऊ शकत नव्हतं.

मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांनी त्याला घडवलं. पुढे तो चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला. तिथं टी. ए. शेखर आणि ऑस्ट्रेलियाचे नामवंत वेगवान गोलंदाज डेनिस लिली यांच्यासारखे गुरू लाभले. रणजी करंडकात तो बडोद्याकडून खेळू लागला. बडोद्यानं 2000-01 च्या मोसमात रणजी करंडक जिंकला. रेल्वेविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात सामन्याचा मानकरी ठरला तो आपला झहीरच.

वाढदिवसाची भेट

ऑक्टोबर 2000 मध्ये केनियातल्या नैरोबी शहरात झहीर भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला. चारच दिवसांनी ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. तारीख होती 7 ऑक्टोबर, म्हणजे त्याचा बाविसावा वाढदिवस! समोर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ. झहीरनं थेट त्याच्या पायाशी एक वेगवान यॉर्कर टाकला. स्टीव्ह वॉ त्रिफळाचित! यॉर्कर म्हणजे फलंदाजाच्या बुंध्याशी टप्पा पडणारा चेंडू. तो खेळणं फार अवघड आणि तितका अचूक टाकणंही अवघडच. भारत तो सामना जिंकला आणि "हा डावखुरा पोरगा कुठला?" असं लोक विचारू लागले.

पुढच्याच महिन्यात ढाक्यात त्यानं कसोटी पदार्पण केलं. बांगलादेशाच्या इतिहासातली ती पहिलीच कसोटी होती.

पंधरा धावांचं षटक

आता गोष्टीचा अवघड भाग येतो. 2003 चा विश्वचषक मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत झाला. झहीरनं त्या स्पर्धेत 18 बळी घेतले. भारताच्या दुसऱ्या कुठल्याही गोलंदाजानं त्याच्याइतके बळी घेतले नव्हते. भारत अंतिम सामन्यात पोचला. रविवार, 23 मार्च 2003. गाव जोहान्सबर्ग, समोर ऑस्ट्रेलिया. देशभरात लोक टीव्हीपुढं बसलेले. नाणेफेक जिंकून भारतानं क्षेत्ररक्षण घेतलं आणि नवा चेंडू झहीरच्या हातात आला.

पाय धावत होते, हात फिरत होता. पण चेंडू काही ऐकेना. नो-बॉल झाले, वाइड झाले. पहिल्याच षटकात 15 धावा गेल्या! त्या दिवशी झहीरच्या 7 षटकांत 67 धावा निघाल्या आणि बळी एकही मिळाला नाही. ऑस्ट्रेलियानं फक्त 2 गडी गमावून 359 धावा केल्या. रिकी पाँटिंग एकटा नाबाद 140! भारत 125 धावांनी हरला.

सामना हरला तो अकरा जणांचा संघ. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर झहीरचं पहिलं षटक. आधीच्या सामन्यांतले 18 बळी कुणाला आठवेनात. आमच्या चौथीतल्या मुलांनी जे केलं, तेच मोठ्या माणसांनी केलं.

त्यानंतरही त्याचं नष्टचर्य संपलं नाही. डिसेंबर 2003 मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत त्यानं एका डावात 5 बळी घेतले खरे, पण त्याच दौऱ्यात मांडीच्या मागचा स्नायू दुखावला. मध्ये एकदा गंमतही झाली. डिसेंबर 2004 मध्ये ढाक्याला अकराव्या क्रमांकावर फलंदाजीला येऊन त्यानं 75 धावा ठोकल्या! अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाचा तो तेव्हाचा कसोटी विक्रम होता. समोर नाबाद 248 करणारा सचिन तेंडुलकर होता. दोघांनी शेवटच्या जोडीसाठी 133 धावा जोडल्या. पण गोलंदाजाचं पोट काही फलंदाजीवर भरत नाही. इरफान पठाण, श्रीशांत, मुनाफ पटेल, आर. पी. सिंग असे नवे गोलंदाज पुढं आले आणि झहीर संघाबाहेर गेला.

पुन्हा विद्यार्थी

अशा वेळी माणूस दोन गोष्टी करू शकतो. एक म्हणजे "माझ्यावर अन्याय झाला" असं म्हणत घरी बसणं. दुसरी म्हणजे पाटी पुसून पुन्हा पहिल्यापासून गिरवणं. 2006 मध्ये झहीर इंग्लंडला गेला आणि वूस्टरशायर या काउंटी संघाकडून खेळू लागला. काउंटी म्हणजे तिथला परगणा. आपल्या जिल्ह्यासारखाच समजा. तिथं ना भारतीय प्रेक्षकांची गर्दी, ना टाळ्यांचा कडकडाट. थंडी, ढगाळ हवा आणि आठवड्यामागून आठवडे चार-चार दिवसांचे सामने.

तिथं त्यानं काय केलं, ठाऊक आहे? धावत येण्याचं अंतर कमी केलं, म्हणजे शरीरावर ताण कमी पडेल. नुसत्या वेगाचा नाद सोडला आणि चेंडूवर हुकमत मिळवली. पहिल्याच सामन्यात दोन्ही डावांत मिळून 10 बळी घेतले. एसेक्सविरुद्ध एकाच डावात 9 बळी टिपले. त्या मोसमात त्याचे एकूण बळी झाले 78!

आता जरा विज्ञान बघू या. क्रिकेटच्या चेंडूला मधोमध शिवण असते. खेळाडू चेंडूची एक बाजू पँटवर घासून चकचकीत ठेवतात आणि दुसरी खडबडीत होऊ देतात. शिवण किंचित तिरकी धरून चेंडू टाकला, की दोन्ही बाजूंनी वाहणारी हवा सारखी राहत नाही आणि चेंडू हवेतच वळतो. यालाच म्हणतात स्विंग. नवा चेंडू साधारणपणे खडबडीत बाजूकडे वळतो. पण चेंडू जुना झाला आणि तो वेगानं टाकला, की कधीकधी नेमका उलट, म्हणजे चकचकीत बाजूकडे वळतो. हा झाला रिव्हर्स स्विंग. फलंदाज हुशार असतो. चकचकीत बाजू कुठली, हे तो लांबूनच बघून ठेवतो. म्हणून झहीर धावत येताना डाव्या हातातला चेंडू उजव्या हातानं झाकून घ्यायचा! शेवटच्या क्षणापर्यंत फलंदाजाला पत्ता लागायचा नाही.

गोळ्या टाकल्या आणि गोळाबेरीज चुकली

2006 च्या अखेरीस झहीर भारतीय संघात परतला. जुलै 2007 मध्ये भारत इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला कसोटी खेळत होता. झहीर फलंदाजीला आला, तेव्हा खेळपट्टीवर त्याला जेली बीन्स दिसल्या. या म्हणजे लहान मुलांच्या रंगीत गोड गोळ्या. इंग्लंडच्या खेळाडूंनी खोडी काढण्यासाठी त्या टाकल्या होत्या. झहीर संतापला. शब्दाला शब्द झाला. पण खरं उत्तर त्यानं नंतर चेंडूनं दिलं. पहिल्या डावात 4 बळी घेतले होतेच. दुसऱ्या डावात 5 घेतले. भारतानं ती कसोटी 7 गडी राखून जिंकली आणि तिच्या जोरावर मालिकाही 1-0 अशी जिंकली. इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकायला भारताला 1986 नंतर तब्बल 21 वर्षं लागली होती!

मुलांनो, राग सगळ्यांनाच येतो. त्या रागाचं करायचं काय, एवढंच आपल्या हातात असतं.

आठ वर्षांनी तोच चेंडू

मग आला 2011 चा विश्वचषक, या वेळी आपल्या घरी. झहीरनं आता एक नवं अस्त्र शिकून ठेवलं होतं, नकल बॉल. यात बोटं दुमडून चेंडू धरायचा. हात नेहमीच्याच वेगानं फिरतो, पण चेंडू मात्र हळू येतो. फलंदाजाची बॅट आधी फिरते आणि चेंडू मागून सावकाश येऊन यष्टी उडवतो! बंगळूरला इंग्लंड 338 धावांचा पाठलाग करताना जिंकतंय असं वाटत असतानाच झहीरनं लागोपाठच्या दोन चेंडूंवर इयान बेल आणि शतकवीर अँड्र्यू स्ट्रॉसला बाद केलं. तो सामना बरोबरीत सुटला. त्या स्पर्धेत झहीरचे 21 बळी झाले. पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीबरोबर तो सर्वाधिक बळींचा मानकरी ठरला.

2 एप्रिल 2011. मुंबईचं वानखेडे स्टेडियम, अंतिम सामना, समोर श्रीलंका. आणि पहिल्या षटकासाठी नवा चेंडू कुणाच्या हातात? झहीरच्याच! जोहान्सबर्गला आठ वर्षं झाली होती. पण त्या 15 धावा विसरायला कोण तयार होतं?

धावत आला, चेंडू टाकला... धाव नाही. पुढचा चेंडू, धाव नाही. सहाच्या सहा चेंडू गेले. निर्धाव षटक! दुसरं षटक निर्धाव, तिसरंही निर्धाव. पहिल्या 5 षटकांत 3 निर्धाव, धावा फक्त 6 आणि उपुल थरंगाचा बळी.

इथं गोष्ट संपवली असती, तर ती फार गोड झाली असती. पण खरी गोष्ट सांगायची, तर सगळीच सांगायला हवी. शेवटच्या दोन षटकांत श्रीलंकेच्या फलंदाजांनी झहीरला 35 धावा चोपल्या! त्याची 10 षटकं संपली, तेव्हा 60 धावा आणि 2 बळी असा हिशेब होता. म्हणजे अगदी त्या थोर दिवशीसुद्धा त्याला मार पडलाच. श्रीलंकेनं 274 धावा केल्या. गंभीर, कोहली, धोनी, युवराज यांनी उरलेलं काम केलं आणि भारत 28 वर्षांनी विश्वविजेता झाला. 2003 मध्ये झहीर एकटा हरला नव्हता आणि 2011 मध्येही एकटा जिंकला नाही. संघ म्हणजे काय, ते इथं कळतं.

ओझं वाहणारे

अमेरिकेत 'अमेरिकन फुटबॉल' नावाचा एक धसमुसळा खेळ आहे. प्रत्येक संघात अकरा जण. चाल करणाऱ्या संघातले पाच धिप्पाड गडी पुढं रांगेत उभे राहतात. चेंडू झेलणं, घेऊन पळणं हे सहसा त्यांचं कामच नसतं. समोरून येणाऱ्या धडका अंगावर घ्यायच्या आणि मागच्या चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला सांभाळायचं. सगळं सुरळीत चाललं, तर त्यांच्याकडं कुणी बघतही नाही. चूक झाली, की लगेच सगळ्यांना दिसते. आपल्या कबड्डीत कोपरा धरून पकडी करणाऱ्यांचं आणि क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाचं बरंचसं तसंच असतं.

चला, एक गणित करू. झहीरनं कसोटीत 18 हजारांहून अधिक आणि एकदिवसीय सामन्यांत 10 हजारांहून अधिक चेंडू टाकले. एकूण 28 हजार धरा. प्रत्येक चेंडूला 20 मीटर धावला असं समजा, आणि तितकंच चालत परत गेला. किती किलोमीटर झाले? वहीत करून बघा. उत्तर 1,120 किलोमीटर! त्यातले निम्मे पळत. आणि चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या एका पायावर येतो.

असा भार सोसून सोसून शरीर थकतंच. जुलै 2011 मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू दुखावून झहीरला मैदान सोडावं लागलं. 2013 मध्ये युवराजसिंगबरोबर फ्रान्सला जाऊन त्यानं दीड महिना कसून व्यायाम केला आणि पस्तिशीत पुन्हा संघात आला. त्याची शेवटची कसोटी फेब्रुवारी 2014 मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला झाली. ब्रेंडन मॅक्युलमनं त्या सामन्यात 302 धावा केल्या. झहीरनं त्या एका डावात तब्बल 51 षटकं टाकली आणि 5 बळी घेतले. मॅक्युलमला अखेर बाद केलं तेही त्यानंच.

15 ऑक्टोबर 2015 रोजी त्यानं आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. 92 कसोटींत 311 बळी आणि 200 एकदिवसीय सामन्यांत 282 बळी. निवृत्त झाला तेव्हा भारताच्या वेगवान गोलंदाजांत कसोटी बळींमध्ये त्याच्यापुढं फक्त कपिलदेव होता. 2011 मध्ये अर्जुन पुरस्कार आणि 2020 मध्ये पद्मश्री असा त्याचा गौरव झाला. पुढं आयपीएलच्या संघांमध्ये त्यानं तरुण गोलंदाजांना मार्गदर्शनही केलं.

त्या मुलाचं काय झालं?

तुम्ही विचारालच, म्हणून सांगते. गोष्ट ऐकून आमचा तो काटकुळा मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाई, पण आठ वर्षं म्हणजे मी बारावीत असेन!"

मला हसू आलं. त्याला म्हटलं, "अरे, तुला आठ वर्षं कशाला? तू आठ दिवस तर बघ."

शाळेच्या भिंतीवर त्यानं खडूनं तीन यष्ट्या काढल्या. रोज मधल्या सुट्टीत त्यांवर चेंडू टाकू लागला. आधी दहातले दोन लागायचे, मग चार. दुसऱ्या आठवड्यात "तुझ्यामुळं हरलो" म्हणणारी पोरंच चेंडू आणून देऊ लागली. परवाच्या सामन्यात त्याच्या षटकात पुन्हा एक वाइड गेला, एक चौकारही बसला. तो थांबला, चेंडू पँटला पुसला आणि पुढचा टाकायला निघाला. सामना कोण जिंकलं, ते मला आता आठवत नाही. पण तो पुढचा चेंडू टाकायला वळला, ते मात्र मी नीट पाहिलं.

पालकांनो, आपलं मूल हरून घरी येईल, त्या दिवशी "किती धावा दिल्यास?" हे जरा उशिरा विचारा. आधी जेवायला वाढा.

आणि मुलांनो, येत्या शनिवारी "मी पहिला!" असा गलका सुरू झाला, की तुमच्यापैकी एकानं तरी चेंडू उचलून म्हणायचं, "पहिली ओव्हर माझी!" म्हणाल ना?